दया नको, रांगेत माणूस पाहिजे



मला इथं कवितेवर बोलायला बोलावलंय. पण गेले सहा महिने माझ्या घरात जे कागद आले ते कवितेचे नव्हते. बायप्सीचा रिपोर्ट, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाच्या झेरॉक्सा, बिलं. तेव्हा आज या कागदांवरच बोलतो.

ताडीवाला रोडच्या वस्तीत आमची एक खोली. मी मुंबईच्या गोदीत माल चढवतो-उतरवतो, आई इथं चार घरची धुणीभांडी करते. धाकटी बहीण एकवीस वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, संध्याकाळी कपड्याच्या दुकानात काउंटरवर. तिच्या मानेला सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती. संध्याकाळी कणकण, रात्री घामानं चादर भिजायची, ड्रेस अंगावर ढगळ व्हायला लागले. गल्लीतल्या डॉक्टरनं हात लावून सांगितलं, टीबी. झोपडपट्टीतली पोरगी, मानेला गाठ, अंगात ताप, म्हणजे टीबीच असणार! गाठीचा तुकडा काढून तपासायचं नाव नाही. चार महिने गोळ्या चालल्या. गाठ लिंबाएवढी झाली, दुसरी काखेत आली. मग एका डॉक्टरीणबाईंनी तुकडा तपासायला लावला. रिपोर्ट आला : हॉजकिन्स लिम्फोमा. लसिकाग्रंथींचा कॅन्सर.

हा रोग आपल्या देशात टीबीच्या पांघरुणाखाली लपतो. गाठ, ताप, घाम, उतरलेलं वजन, दोन्हींत सारखंच. म्हणून मानेची गाठ औषधानं उतरत नसेल तर 'तुकडा तपासा' असं डॉक्टरला तोंडावर सांगायचं. लाजायचं नाही. दुसरी गोष्ट, हा कॅन्सर तरुण पोरापोरींना मोठ्या प्रमाणात धरतो आणि नीट उपचार झाले तर त्यांतले बहुसंख्य बरे होतात. म्हणजे रोगानं मरण ठरवलेलं नाही. ते ठरवायला मग दुसरेच लोक बसलेत.

धाकटीला बारा सलाईनी सांगितल्या. दर पंधरा दिवसांनी एक, सहा महिने. त्यात चार औषधं. त्यातलं एक विनब्लास्टिन. ते सदाफुलीतनं निघालं, १९५८ साली, कॅनडात, नोबल आणि बीअर नावाच्या दोघा संशोधकांच्या हातनं. आमच्या दाराशी डालड्याच्या डब्यात सदाफुली आहे. हे ऐकल्यावर आई पाला कुटायला निघाली, तिला थांबवली. कच्चा पाला विषारी असतो, त्यानं कॅन्सर बरा होत नाही, नुसता जीव जातो. हे कुणी वैदू-भगत सांगायला आला तर त्याला हाकला. पण मला राग त्या फुलाचा नाही. फूल आमच्या दारात, औषध त्याच्यातलं, आणि मधे काउंटर. काउंटरवरचा माणूस म्हणतो, दोन लाख डिपॉझिट भरा.

त्या दवाखान्याचं नाव घेत नाही. दारावर ट्रस्टची पाटी होती. मी विचारलं, गरिबांच्या खाटा असतात ना? तो म्हणाला, भरल्यात. किती आहेत, कोण आहे त्यांच्यावर, काही नाही. भरल्यात.

दोस्तांनो, त्या खाटा कुणाच्या बापाची मेहेरबानी नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१कक आहे. त्याखाली मुंबई हायकोर्टानं २००६ साली योजना लावून दिली. धर्मादाय दवाखान्यानं दहा टक्के खाटा निर्धनांना फुकट द्यायच्या, दहा टक्के दुर्बलांना सवलतीत. बिलांच्या एकूण रकमेतले दोन टक्के गरीब रुग्णांच्या फंडात टाकायचे. या दवाखान्यांना जमीन, करसवलत मिळते ती कशाच्या बदल्यात? ह्याच्या. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवायचं. ऐकलं नाही तर धर्मादाय आयुक्ताच्या कचेरीत लेखी तक्रार करायची आणि पोच घ्यायची. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

दुसरा कागद सरकारी योजनेचा. २०१२ च्या जुलैत आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी होतं, २०१७ साली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य झालं. २०२४ च्या जुलैपासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, कॅन्सरच्या सलाईनीही त्यात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, पहिलं तिथं जायचं. धाकटीच्या सलाईनी शेवटी ह्याच योजनेत, दुसऱ्या दवाखान्यात चालू झाल्या.

पण फुकट म्हणजे किती फुकट ते ऐका. मंजुरीच्या आधीच्या तपासण्यांचे पैसे आम्ही भरले. पेटस्कॅनला चौदा हजार. रेशनकार्डावर धाकटीचं नाव एक, आधारवर एक. एका वेलांटीसाठी अकरा दिवस गेले. सलाईननंतर बसनं न्यायची नाही, गर्दीतनं तिला ताप येईल, म्हणून रिक्षा. रोज अंडी, दूध. आईचे खाडे झाले, दोन घरच्या बायकांनी दुसरी बाई ठेवली. दुकानवाल्यानं धाकटीला 'बरी झालीस की ये' सांगितलं आणि पगार बंद केला. ह्यातलं काहीच योजनेतनं आमच्या पदरात पडलं नाही. गरिबाचं घर औषधाच्या बाहेरच्या खर्चानं बसतं.

वर पाव्हणेरावळे. मामा म्हणाले, बाहेर बोलू नका, उद्या पोरीचं लग्न कोण करील. चुलते म्हणाले, पोरीच्या जातीवर एवढा खर्च? आई म्हणाली, "माझी लेक हाय ती. जगली तर लग्नाचं बघू, न्हाई केलं तरी बघू." विषय संपला. बाबासाहेबांचा फोटो भिंतीला लावून पोरीच्या आणि पोराच्या जिवाचे दोन भाव करणारी माणसं आपल्यातच आहेत, हे मी ह्या माइकवरनं मुद्दाम सांगतो.

तिसऱ्या सलाईनीनंतर केस गेले, तोंडात फोड आले. मी वस्तीतल्या सावकाराकडनं महिना दहा टक्क्यानं पैसे उचललेत हे तिला कळलं. म्हणाली, "दादा, राहू दे. मी बरी होईन नि तुम्ही दोघं मराल." तिला चौथीला न्यायला मी दोन पाळ्या बुडवल्या. अर्धवट सोडलेली सलाईन रोगाला परत यायला वाट देते, हे डॉक्टरीणबाईंनी तिला बसवून समजावलं. तेव्हा उठली.

मग एक ओळखीचा पोरगा आला. म्हणाला, मोबाइलवर मदत गोळा करू. फोटो पाहिजे. केस नसलेला, हाताला सुई लावलेली, शेजारी आई रडताना. धाकटी म्हणाली, "माझा फोटो टाकायचा न्हाई. मला परत कॉलेजात जायचंय. सगळ्यांनी माझ्याकडं पैसे दिल्यागत बघायचं काय?" मी टाकला नाही. ज्यांनी टाकला त्यांना मी नावं ठेवत नाही, पोटचं पोर मरताना माणूस काय करील सांगता येत नाही. पण ज्या व्यवस्थेत पोरीला जगण्यासाठी आधी आपलं रडणं विकावं लागतं, त्या व्यवस्थेला दयाळू म्हणायला माझी जीभ धजत नाही.

गोदीत माझ्या टोळीनं पगाराच्या दिवशी रुमाल फिरवला. अकरा हजार चारशे जमले. एकानंही फोटो मागितला नाही. उद्या त्यांच्या घरी दुखणं आलं की रुमाल फिरेल आणि त्यात मी टाकीन. ही वर्गणी. भिकेत देणारा वर असतो, वर्गणीत सगळे एका रांगेत. १९७२ साली पँथर उभी करणाऱ्यांतले नामदेव ढसाळ, पुण्याजवळच्या पूर-कनेरसरचे, २०१४ साली कॅन्सरनं गेले. त्यांच्याही आजारपणात पैशाची ओढाताण झाली, सिनेमातले नट मदतीला आले. चांगलंच केलं त्यांनी. पण चळवळीचा स्वतःचा रुमाल कुठं होता, हा प्रश्न आपल्याला खायला पाहिजे.

ह्याच पुण्यात १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेतलं नि यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवलं. पोर वाचलं, त्या १० मार्चला गेल्या. हॉजकिन, ज्याच्या नावाचा हा रोग, तोही नुसता नाड्या बघणारा डॉक्टर नव्हता. १८३२ साली त्यानं हा आजार मांडला, आणि पाच वर्षांनी इंग्रजांच्या राज्यात चिरडल्या जाणाऱ्या मूळ रहिवाशांच्या बाजूनं लंडनमध्ये संस्था उभी केली. आजाऱ्याला उचलणं आणि अन्यायाशी भांडणं ही दोन वेगळी खाती आपण कधी केली?

आता मागणं मांडतो, मग शिव्या द्या. येत्या जयंतीला आपल्या मंडळाच्या वर्गणीतला चौथा हिस्सा डीजेला न देता दुखणेकऱ्यांच्या पेटीत टाकायचा. हिशेब दर महिन्याला विहाराच्या भिंतीवर लावायचा. कुणी आजारी पडायच्या आधीच प्रत्येक घराचे दाखले काढून, नावांच्या वेलांट्या जुळवून ठेवायच्या. आणि काउंटरवर बाईमाणूस एकटं पाठवायचं नाही. दोन पोरं कलम तोंडपाठ करून सोबत उभी राहिली, की 'भरल्यात' म्हणणाऱ्याला खाटा मोजून दाखवाव्या लागतात. दवाखाने सगळ्यांना खरोखर फुकट झाले पाहिजेत ही लढाई लांबची आहे, ती चालूच राहील. पण गाठ तोवर थांबत नाही.

धाकटीच्या नऊ सलाईनी झाल्या. मानेची गाठ हाताला लागत नाही. तीन राहिल्यात. त्या तिन्ही मंगळवारी माझी पाळी गोदीत आहे, आणि आईनं आणखी एक घर गमावलं तर चूल थांबेल. सकाळी सातला रक्ततपासणीची रांग लागते. तीन मंगळवार, तीन माणसं.

सभा संपल्यावर मी दाराशी वही घेऊन उभा आहे. नाव लिहा.

जयभीम.