शिट्टीचे मोल
(ज्ञातिमंडळाच्या रोहा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंतांच्या सत्कारप्रसंगी कबड्डीच्या पंचांविषयी बोलण्याची आम्ही अनुज्ञा मागितली, तेव्हा कार्यकारी मंडळातील काहींस नवल वाटले. परंतु गेले दोन हंगाम आपल्यातील काही पंधरा-सोळा वर्षांची मुले-मुली नियमांची पुस्तिका घेऊन आमच्या ओटीवर जमू लागली आहेत. तूर्त ती गावोगावच्या स्पर्धांत गुणलेखकाच्या मेजाशी बसतात, लहान गटाच्या सामन्यांत शिट्टी घेतात. पुढे रीतसर पंचपरीक्षा द्यावी असा त्यांचा मानस आहे. या कामाचे त्यांस थोडे मानधन मिळते. त्यावर एका पालकांनी आम्हांस विचारले, "मास्तर, पोरांना खेळातसुद्धा पैसा दाखवता काय?" त्या प्रश्नाचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

आपल्या तालुक्यास कबड्डीचा परिचय करून द्यावयास नको. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने जो खेळ परदेशीयांस दाखविला, तो १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ झाला. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीने खेळाडूंस द्रव्यही मिळवून दिले. खेळाडूने मोबदला घेतला तर अभिमान आणि पंचाने घेतला तर लाज, हा कोठला न्याय?

पंचाचे काम सोपे नव्हे. चढाई तीस सेकंदांची. तेवढ्यात दम तुटला काय, निदानरेषा ओलांडली काय, बोनस घेताना मागचा पाय अधांतरी होता काय, समोर सहा गडी होते काय, हे सारे टिपून क्षणात निर्णय द्यावयाचा. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, म्हणजे आमच्या शाळेतल्या एका तासाएवढाच. पण त्या वेळात ही मुले जे अवधान राखतात, ते आमच्या वर्गात त्यांनी क्वचितच राखले!

आता एक कबुली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका अंतिम सामन्यात आम्ही पंच होतो. शेवटच्या चढाईत आपल्याच ज्ञातीतील, आमच्याच हाताखाली शिकणाऱ्या मुलाचा पाय बाजूच्या रेषेबाहेर पडला. आम्ही तो पाहिला, आणि न पाहिल्यासारखे केले. करंडक आपल्याकडे आला, आमच्या गळ्यात हार पडला. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा वर्गात आमच्याकडे पाहून हसला. त्या हसण्यात आदर नव्हता. त्या सामन्याची आम्ही एक पैही घेतली नव्हती. तरी आम्ही विकले गेलो होतो. ठरलेले, चारचौघांत दिलेले मानधन पंचास बिघडवीत नाही. त्यास बिघडविते ते आपलेपण, आणि त्याची पावती कोठेच फाडली जात नाही.

म्हणून गेल्या हंगामात आमच्या एका विद्यार्थिनीने स्वतःच्या आळीच्या संघाविरुद्ध गुण दिला, तेव्हा आम्हांस धन्यता वाटली. प्रेक्षकांतून तिच्या सख्ख्या काकांनी नको ते शब्द उच्चारले. तिचे डोळे भरले, पण वर केलेला हात तिने खाली घेतला नाही.

हा दोष केवळ आपलाच नव्हे. इंग्लंडात चौदाव्या वर्षापासून मुलांस फुटबॉलच्या पंचाचे शिक्षण घेता येते व सामन्यागणिक मोबदला मिळतो. पण प्रेक्षकांची व खेळाडूंची जीभ तेथेही सैल. २०२३ साली स्थानिक सामन्यांतील काही पंचांच्या अंगावर कॅमेरे लावून पाहण्याचा प्रयोग तेथील संघटनेस करावा लागला. आपल्या मैदानावर तशी पाळी येऊ नये.

मंडळास आमची विनंती एवढीच. मुलांचे मानधन आधी ठरवावे व सामने संपताच त्यांच्या हाती द्यावे. परीक्षेच्या दिवसांत त्यांस बोलावू नये. रात्री घरी पोचविण्यास एक वडीलधारा सोबत द्यावा. आणि आपल्या संघाविरुद्ध निर्णय गेला, तर आपण गप्प बसावे. ज्ञातीने आपली मुले पंच म्हणून घडवावीत, ती ज्ञातीच्या बाजूने शिट्टी फुंकण्यासाठी नव्हेत. एवढे आपल्याच्याने झाले, तर आम्ही न फुंकलेली ती एक शिट्टी ही मुले फुंकतील.

ग्रामदैवत धाविर महाराज त्यांस तसे बळ देवोत, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.