रायचूरची भाकरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"संकटात तुमची श्रद्धा कशी टिकते ते सांगा," अशी चिटणीसबाईंची मला आज्ञा झाली. मंडळात आम्ही ख्रिस्ती भगिनी मोजक्याच, तेव्हा हे काम माझ्याकडे यावे हे ठीकच. पण खरे सांगू? माझी श्रद्धा टिकली असे म्हणण्यापूर्वी ती एकदा चांगलीच हलली होती, हे कबूल केले पाहिजे.

माझे माहेर लातूरचे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. आम्ही अंगणात धावलो आणि वाचलो. किल्लारी, सास्तूरकडची माणसे आदल्या दिवशी गणपती बोळवून दमून निजली होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचे ओझे. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरे अंगावर कोसळली. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली.

आठवड्याने आम्ही काही बायका धान्य व लुगडी घेऊन तिकडे गेलो. पत्र्याच्या निवाऱ्याबाहेर एक बाई बसली होती. मी जवळ जाऊन म्हटले, "बाई, देवावर भरवसा ठेवा." तिने वर पाहिले. म्हणाली, "तुमचं कोन गेलंय?"

मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री प्रार्थनेला बसले, पण शब्द फुटेना. पुढे कित्येक दिवस तसेच चालले. मग ईयोबाचे पुस्तक काढले. त्याचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले आणि सगळे बिघडले. मीही तेच केले होते.

पुढे पंडिता रमाबाईंनी लिहिलेली आपली हकीकत वाचनात आली. १८७४ च्या दुष्काळात त्यांचे वडील वारले. मग आई रायचूरला आजारी पडली. आईसाठी शेजारणीकडे भाकरी मागावयास सोळा वर्षांच्या रमाबाई गेल्या, पण शास्त्र्याची लेक. तोंडातून शब्द निघेना, नुसते डोळे भरले. शेजारणीने ओळखले व बाजरीची भाकरी हातावर ठेवली. आईला ती खाववली नाही. ती गेली.

पुढे भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच, १८८२ मध्ये, पती पटकीने गेले. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. येथे मला त्यांचे फार कौतुक वाटते. त्या स्वच्छ लिहितात की, तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भेटायला आणखी कैक वर्षे लागली. आपण मात्र एका प्रार्थनेत सर्व शंका फिटाव्यात अशी घाई करतो!

शारदासदनासाठी अमेरिकेतील मंडळींनी दहा वर्षे पैसा पुरविण्याचे पत्करले होते. ती मुदत संपत आली आणि १८९६-९७ चा दुष्काळ पडला. हिशेबी माणसाने अशा वेळी हात आखडता घेतला असता. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना शेकड्यांनी घेऊन आल्या. केडगावच्या माळावर विहिरी खोदविल्या, शेती केली, छापखाना चालविला. देवाने माझी आई का नेली, या प्रश्नाला त्यांना उत्तर मिळाले होते का? मला तसे दिसत नाही. पण त्या मुलींना दारात उभे राहून भाकरी मागावी लागू दिली नाही. १९२१ साली एकुलती मनोरमाही गेली, तरी मूळ भाषांवरून चाललेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नाही. ते पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले.

रमाबाईंचा भरवसा मोठा, माझा तांब्याभर. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा मी भावाकडे होते. पाळीतल्या घागरींवरून रोज भांडणे होत. एके दिवशी आमचा नंबर हुकला. शेजारची एक म्हातारी, जिच्याशी वहिनीचे बोलणेही नव्हते, न विचारता अर्धी घागर आमच्या उंबऱ्याशी ठेवून गेली. त्या रात्री माझ्या तोंडून प्रार्थना आपोआप निघाली.

किल्लारीची ती बाई पुन्हा भेटली नाही. भेटली तर यावेळी नुसती शेजारी बसेन म्हणते.