शाळेच्या आधीची शाळा

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावर दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मी आयुष्यभर पहिलीचा वर्ग शिकविला. त्यामुळे सत्काराला उठणाऱ्या मुलांपेक्षा मध्येच गळून गेलेल्या मुलांची मला अधिक आठवण येते. त्यांपैकी एकाची हकीकत सांगून मी सुरुवात करते. तीत माझा स्वतःचाही दोष आहे.

हा मुलगा मागच्या ओळीत बसे. हाक मारली तर ओ देत नसे. विचारावे एक तर सांगे दुसरेच. मी त्याला 'ढ' ठरवून मोकळी झाले. एकदा रागाच्या भरात चापटही मारली. वर्ष संपत आले तेव्हा शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, या मुलाला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. आईला बोलावले. ती म्हणाली, "बाई, हा सात-आठ महिन्यांचा होता तेव्हापासून याचे कान फुटतात. सासूबाई म्हणाल्या, दात येताना असे होते, मोठा झाला की थांबेल. मग आम्ही तेल घालत राहिलो."

म्हणजे पाच वर्षे त्या मुलापर्यंत शब्द अर्धेमुर्धेच पोचत होते. जे ऐकलेच नाही ते तो बोलणार कसे आणि वाचणार कसे? उपचाराने कान बरेच सुधारले, पण मागे पडलेली भाषा काही भरून निघाली नाही. चौथीनंतर त्याने शाळा सोडली. आईला दोष देऊन उपयोग नाही. तिला कोणी सांगितले नव्हते. मी मात्र शिकलेली होते, आणि मला साधी चौकशी करावीशी वाटली नाही.

मित्रहो, मूल शाळेत येते तेव्हा त्याची पाटी कोरी नसते. जन्माच्या वेळी बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे पाव हिस्सा असतो. दोन वर्षांत तो तीन-चतुर्थांशाच्या आसपास पोचतो. एवढ्या झपाट्याची वाढ पुन्हा आयुष्यात होत नाही. आपण मात्र मुलाच्या शिक्षणाचा विचार दाखला घेण्याच्या दिवशी सुरू करतो.

खरे तर ही वाढ आईच्या पोटातच सुरू होते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील स्त्रियांचा अभ्यास केला. गरोदर होण्यापूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे दिसायला बारीक, पण त्यांच्या अंगात मांस कमी आणि त्या मानाने चरबी अधिक, असे आढळले. अशा बाळांना पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो. ज्या माता हिरव्या पालेभाज्या आणि फळे वारंवार खात होत्या, त्यांची बाळे वजनाने चांगली होती, हेही याच अभ्यासात दिसले. मेथी, माठ, शेवगा, पेरू हे काही श्रीमंतांचे खाणे नव्हे.

आता आपल्या घरातील दस्तरखान डोळ्यांसमोर आणा. आधी पुरुष जेवतात, मग मुले, आणि उरलेसुरले सून खाते. मुलाला अंडे, मुलीला रस्सा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात ५४ जणींना रक्तक्षय होता, आणि पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने बुटकी होती. हे दोन आकडे वेगवेगळे समजू नका. आजच्या मुलीच्या ताटात जे कमी पडते ते उद्या तिच्या बाळाच्या अंगी उतरते. जिला आपण सोळाव्या-सतराव्या वर्षी शाळेतून काढून बोहल्यावर चढवतो, तिची स्वतःचीच वाढ पुरी झालेली नसते. मुलीला अठरा वर्षांपर्यंत शिकू देणे हे तिच्यावर उपकार नव्हेत, नातवंडांसाठी केलेली तरतूद आहे.

कोणी म्हणेल, पोट भरले की झाले. तेवढ्याने भागत नाही. जमैका या बेटावरील किंग्स्टन शहरात १९८६-८७ साली डॉ. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांतील १२९ खुरटलेली मुले निवडली. काहींना दूध दिले. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जाऊन, मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला दाखवीत. खेळणी घरच्याच टाकाऊ वस्तूंची. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तर ज्यांच्याशी खेळले-बोलले गेले होते त्यांची कमाई, तसे काही न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक होती. नुसत्या दुधाचा फायदा मात्र एवढा टिकला नाही.

ही गोष्ट आपल्या मातीलाही नवी नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला १९४५ पासून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पाने, माती यांवरच बालशिक्षण उभे केले, आणि मुले येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथलाच.

तेव्हा आपण काय करावे? चिकाचे पहिले दूध फेकू नका; ते बाळाचे पहिले संरक्षण आहे. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको. घुटी नको, मध नको, पाणीही नको. त्यानंतर मऊ डाळभात, कुस्करलेले केळे, अंडे, काटे काढलेला मासा सुरू करा आणि आईचे दूधही चालू ठेवा. लसी वेळेवर टोचून घ्या. अंगणवाडीत वजन करून घ्या. कान फुटला तर तेल घालू नका, डॉक्टरांकडे जा. हाक मारल्यावर मूल वळत नसेल तर वाट पाहू नका. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याच्या हाती मोबाईल देऊ नका. त्याला भाकरी थापताना जवळ बसवा आणि बोलत राहा. अब्बांनीही कामावरून आल्यावर पंधरा मिनिटे त्याच्यासाठी ठेवावीत. आणि मारू नका. भेदरलेले मूल शिकत नाही, हे मी चापट मारून शिकले.

ज्यांची मुले मोठी झाली त्यांनी निराश होऊ नये. उशिरा दिलेले खाणे आणि प्रेमही वाया जात नाही; फक्त कष्ट अधिक पडतात.

विद्यार्थिनींनो, सकाळी उपाशी शाळेत येऊ नका, आणि घरातल्या धाकट्याला रोज एक गोष्ट सांगा.

शेवटी संस्थेला एक विनंती. आपण दहावीनंतर शिष्यवृत्त्या देता, त्या द्याच. पण पहिलीत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाचे कान, डोळे आणि रक्त जून महिन्यातच तपासून घ्या. खर्च फार नाही. माझ्या वर्गातल्या त्या मुलाची तपासणी वर्षाच्या शेवटी झाली. दुसऱ्या कोणाची तेवढी उशिरा होऊ नये.