कचारगडची गुहा आणि ढळलेला फोकस
माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंड समाज जेथे आपला आद्य धर्मगुरू पारी कुपार लिंगो याच्या स्मरणार्थ दूरदुरून जमतो, त्या सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या अंधुक गुहेत भिंगाचे छिद्र पूर्ण उघडावे लागते. आणि मग दोन मीटरांवरील यात्रेकरूच्या डोळ्यांवर फोकस मुक्रर करून, गुहेचे विशाल मुखही चौकटीत यावे म्हणून कॅमेरा २० अंश वळवला, की भिंगाच्या अक्षाशी काटकोनात असलेले स्पष्टतेचे प्रतलही त्याच्याबरोबर फिरते व डोळ्यांमागे सुमारे १२ सेंटिमीटर जाऊन पडते. कानामागचे केस रेखीव, पापण्या मात्र धूसर! ५० मिलिमीटरच्या भिंगाला एफ १.४ या पूर्ण उघड्या छिद्रावर ही तफावत सोसत नाही; बाहेरच्या उन्हात, एफ ८ या लहान छिद्रावर, ती बिनबोभाट खपून जाते. गुहेत मात्र चौकट आधी ठरवावी आणि डोळ्यांवर येणारा फोकसबिंदू निवडावा, हीच तजवीज बरी.