खुनांचा हिशेब: शिकागो आणि आपण

अलिबाग ज्याचं मुख्यालय, त्या रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत २६ लाखांवर होती. अमेरिकेतलं शिकागो शहरही साधारण तेवढंच. तिथं २०२२ साली सुमारे ७०० खून झाले. बहुतेक बंदुकीनं, आणि मुख्यतः शहराच्या दक्षिण व पश्चिम भागांतल्या मोजक्या वस्त्यांत. म्हणजे लाखामागे पंचविसेक! त्याच वर्षी भारताचं प्रमाण लाखामागे २.१ होतं. म्हणून निर्धास्त राहावं का? मुळीच नाही. आपल्याकडे त्या वर्षी खुनाच्या नोंदलेल्या कारणांत पहिला क्रमांक वादभांडणांचा होता: जमिनीचे, घरातले, पैशांचे तंटे. सिनेमातली टोळीयुद्धं फार मागे. शेजारी हाणामारी पेटली, तर बघत बसू नका. लगेच ११२ फिरवा.