ज्या दाण्याची तपासणी होत नाही



1974 च्या शेवटच्या महिन्यांत राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात आदिवासी पाड्यांवर माणसं आजारी पडू लागली. भूक मरायची, उलट्या व्हायच्या, मग कावीळ आणि पोटात पाणी. त्याच घरांतली कुत्रीही तशीच आजारी पडत होती. साथीची कावीळ म्हणावी, तर ती कुत्र्यांना कशी होईल? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी घराघरांतला मका तपासला. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला होता. कणसं नीट वाळली नव्हती आणि त्यांच्यावर अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी माजली होती. दाण्यांत त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, निघालं, किलोमागे 6 ते 15 मिलिग्रॅम. अमेरिकेत माणसाच्या अन्नासाठी या विषाची मर्यादा किलोमागे 20 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे ते लोक काही शेकडो पट विष रोज खात होते. नोंद झालेल्या सुमारे 400 रुग्णांपैकी 106 दगावले.

तीस वर्षांनी, 2004 मध्ये, पूर्व केनियात हेच घडलं. कारण पुन्हा मकाच, आणि मृत्यू 125.

या दोन्ही ठिकाणी लोकांच्या ताटात आलेला मका त्यांच्याच शेतातला किंवा जवळपासच्या शिवारातला होता. तो कुठल्याही प्रयोगशाळेतून गेला नव्हता. आज पदवी घेणाऱ्या तुम्हा मुलामुलींना मला एवढंच सांगायचं आहे, की बुरशीविरुद्धचं आपलं सगळं विज्ञान या न तपासलेल्या दाण्यापर्यंत पोचतं का, हे आधी बघा.

निर्यातीचा माल तपासला जातो. युरोपची मर्यादा तर किलोमागे 4 मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. आपल्या बाजार समितीत व्यापारी मॉइश्चर बघतो, रंग बघतो आणि भाव पाडतो. विष तो बघत नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. दहा टनांच्या ट्रकमध्ये 0.2 ग्रॅम अफ्लाटॉक्सिन असलं, तरी तो ट्रक अमेरिकेच्या मर्यादेला टेकतो. तव्याच्या आचेने ते पुरतं नष्ट होत नाही, त्यामुळे भाकरी कितीही खरपूस भाजली तरी भरवसा नाही. थोडंथोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो, आणि हेपटायटिस बी असलेल्या माणसाला तो धोका कितीतरी वाढतो.

आणि घरात काय होतं? आई सूप घेऊन बसते. किडका, काळपट, हिरवट दाणा बोटाने बाजूला सारते. ही निवड फार मोलाची आहे, बरंच विष त्या मूठभर दाण्यांतच असतं. पण निवडलेलं टाकवत नाही, ते म्हशीपुढे जातं. तिच्या शरीरात त्या विषाचं रूप बदलतं आणि ते दुधात उतरतं. तेच दूध लहान मुलाच्या पेल्यात येतं. यात त्या माउलीचा काहीही दोष नाही. तिच्या हाती देण्याजोगं बियाणं आपण अजून तयार केलेलं नाही.

असं बियाणं होऊ शकतं का? 2017 मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या मोनिका श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्यात एक बदल केला. दाण्यात आरएनएचे बारीक तुकडे तयार होतील अशी त्यांनी व्यवस्था केली. बुरशी दाण्यावर वाढताना हे तुकडे शोषून घेते. अफ्लाटॉक्सिन बनवण्याच्या साखळीतल्या अगदी सुरुवातीच्या पायरीचं एक जनुक आहे, एएफएलसी. त्या जनुकाचा निरोप हे तुकडे बुरशीच्या पेशीतच फाडून टाकतात. बुरशी जिवंत राहते, वाढते, पण विष बनवू शकत नाही. त्यांनी कणसांना मुद्दाम बुरशीची लागण केली, तेव्हा साध्या कणसांत विष भरलं आणि बदललेल्या दाण्यांत ते मोजता येईल एवढंही सापडलं नाही. वनस्पतिरोगशास्त्रात मी आयुष्य घालवलं आहे, पण इतकी नेमकी मात मी क्वचितच पाहिली आहे.

गव्हाची गोष्ट वेगळी आहे. फ्युजेरियमची बुरशी ओंबीवर येते आणि डीऑक्सिनिव्हॅलेनॉल नावाचं विष सोडते. ते विष हेच तिचं हत्यार असतं, त्याच्या जोरावर ती ओंबीत पुढे सरकते. म्हणून गव्हात विष निकामी केलं की रोगही अडतो. चीनमधल्या शांडोंग कृषी विद्यापीठाच्या गटाने 2020 मध्ये असं एक जनुक उलगडून दाखवलं, एफएचबी-7. ते गव्हाच्या एका रानटी नातलग गवतातून आलं. आणि त्या गवतात ते कुठून आलं असेल? फार पूर्वी एका बुरशीकडून! जनुक एका जातीतून दुसऱ्या जातीत जाणं ही माणसाने प्रयोगशाळेत सुरू केलेली गोष्ट नाही, याचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही. एफएचबी-7 तर साध्या संकरानेही गव्हात आणता येतं. जिथे संकराने भागतं तिथे संकरच करा, माझा हट्ट तंत्राचा नाही.

आता सावधपणाचं बोलतो. बीटी कापसाच्या 450 ग्रॅमच्या पिशवीसोबत 120 ग्रॅम नॉन-बीटीचं पाकीट यायचं, अळीला बीटीची सवय होऊ नये म्हणून कडेने पेरायला. ते किती बांधांवर तसंच पडून राहिलं, हे तुमच्यातल्या विदर्भ-मराठवाड्याच्या मुलांना ठाऊक आहे. पुढे गुलाबी बोंडअळीने काय केलं, हेही ठाऊक आहे. शेताची शिस्त सुटली की नुसतं जनुक टिकत नाही. मक्यातही ओलं कणीस ढिगात घातलं तर दुसरी बुरशी येईल, दुसरं विष येईल. दाणा 12-13 टक्के ओलाव्यावर वाळलाच पाहिजे. त्यासाठी ताडपत्री लागते, ड्रायर लागतो, आणि पावसात अडकलेल्या शेतकऱ्याला वेळेवर मदत लागते.

दुसरी अडचण आपणच निर्माण केली आहे. 2010 मध्ये बीटी वांग्याला स्थगिती मिळाली. तेव्हापासून जनुकीय पिकांवरचा आपला वाद बाजूने की विरोधात, एवढ्यावरच अडला आहे. दरम्यान तणनाशक-सहनशील कापसाचं बेकायदा बियाणं गावोगाव पोचलं, ना तपासणी, ना पावती. मला चाचणी हवी आहे, कडक हवी आहे, आणि तिचे निकाल सगळ्यांसाठी खुले हवे आहेत. आरएनएचे हे तुकडे जमिनीतल्या उपयोगी बुरशींना बाधतात का, मक्याचं पोषणमूल्य कमी होतं का, हे शेतात तपासा. पण चाचणीच होऊ न देण्याची किंमत कोण मोजतं? ज्याच्या घरी प्रयोगशाळा पोचत नाही, तो.

आणि हे बियाणं निव्वळ कंपन्यांच्या महागड्या संकरित वाणांत अडकलं, तर पाड्यावरच्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. तो घरचं बियाणं राखतो. म्हणून हा गुण सरकारी संशोधन केंद्रांनी सरळ वाणांत आणला पाहिजे. मक्याबरोबर ज्वारीचाही विचार व्हावा. खरिपाची ज्वारी दाणे भरताना पावसात सापडली की काळी पडते, हे आपण दरवर्षी बघतो. तो काळेपणा आपण भावाच्या हिशेबात मोजतो, पोटाच्या हिशेबात मोजत नाही.

तुमच्यातले काही जण संशोधनात जातील, काही कृषी खात्यात, काही बियाणे कंपन्यांत, बरेच जण आपल्याच शेतात. कुठेही गेलात तरी येत्या खरिपानंतर धान्याचे नमुने घ्या, ते बाजारातल्या पोत्यातले नकोत, घरातल्या कणगीतले घ्या. निकाल आधी त्या घराला कळवा, मग अहवालात लिहा.