पवनारची भेट
(भोसरी येथील ज्युबिलीच्या सभेंत वाचलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. विद्वत्तेचें भाषण करण्याची आमची योग्यता नाहीं. म्हणून आमच्या मंडळीनें पवनार येथें जें पाहिलें, तेंच आपणांपुढें ठेवितों.

अमेरिकेंत अमिश नांवाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. सोळाव्या शतकांत युरोपांत त्यांच्या पूर्वजांचा छळ झाला, व त्यांत कॅथलिक राज्यकर्त्यांचाही हात होता, हें नम्रपणें कबूल केलें पाहिजे. हे लोक मोटार न बाळगतां घोड्याच्या गाडीनें जातात. कित्येक गांवीं टेलिफोन घरांत न ठेवतां शेताच्या कडेला खोपटांत ठेवितात. यंत्र म्हणजे पाप असें ते मानीत नाहींत. या वस्तूनें शेजारी शेजाऱ्यापासून दूर जाईल काय, एवढेंच ते पाहतात. वर्षांतून दोनदां, प्रभुभोजनापूर्वीं, सारी मंडळी आपल्या नियमांस संमति देते. आपसांत तंटा असेल तर तो आधीं मिटवावा लागतो.

हें वाचून त्यांस भेटावें असें वाटलें. पण अमेरिका आमच्या आवांक्याबाहेरची. आपल्या महाराष्ट्रांत असें कांहीं आहे काय, असा शोध घेतां पवनारचें नांव निघालें.

हें गांव वर्ध्याजवळ धाम नदीच्या कांठीं आहे. १९३८ सालीं विनोबा भावे येथें राहावयास आले. १९५० च्या आरंभीं त्यांनीं येथें कांचनमुक्तीचा प्रयोग मांडिला : पैशाचा आधार सोडावयाचा, आणि बैलांवांचून, आपल्याच हातांनीं जमीन खणून अन्न पिकवावयाचें. पुढल्या वर्षीं ते पायीं तेलंगणांत गेले व भूदानास आरंभ झाला. १९५९ सालीं त्यांनीं येथें स्त्रियांकरितां ब्रह्मविद्या मंदिर स्थापिलें. १५ नोव्हेंबर १९८२ रोजीं त्यांचें देहावसानही येथेंच झालें. बायबलचा अभ्यास करून त्यांनीं ‘ख्रिस्त-धर्म-सार’ हा ग्रंथ सिद्ध केला, हें आपण अगत्यानें ध्यानीं ठेवावें.

तेथील भगिनींचा धर्म आपल्याहून निराळा. परंतु प्रार्थना आणि श्रम यांची त्यांनीं घातलेली सांगड पाहून आम्हांस आपल्या संन्यासिनींची आठवण झाली. स्वयंपाक, झाडलोट, शेतकाम हीं सारीं कामें त्या स्वतः करितात. ‘मैत्री’ नांवाचें हिंदी मासिकही त्याच चालवितात. कोणी मठाधिपति नाहीं. निर्णय सर्वानुमतें होतो, बहुमतानें नव्हे. हें ऐकून आम्हीं माना खालीं घातल्या.

कारण सांगतों. आमच्या लहानशा भक्तिमंडळाची वेळ ठरवितांना आम्हीं हात वर करून मतें मोजलीं. रविवारची सायंकाळ ठरली. दुसऱ्या पाळीचे बांधव त्या वेळीं कारखान्यांत असतात, हें ठाऊक असूनही आम्हीं त्यांस विचारलें नाहीं. हळूहळू त्यांचीं कुटुंबेंही येईनाशीं झालीं. मतें आमचीं अधिक होतीं. मंडळ मात्र निम्मेंच उरलें.

पवनारची एक उणीवही सांगितली पाहिजे. तेथील पुष्कळ भगिनी आतां वृद्ध झाल्या आहेत, व नव्या थोड्याच येतात. अमिश लोकांचें तसें नाहीं : त्यांचीं मुलें वयांत येऊन स्वेच्छेनें बाप्तिस्मा घेतात, आणि बहुतेक पंथांतच राहतात. व्रत कितीही थोर असो, तें हातीं घेणारा पुढला हात लागतो.

बंधुभगिनींनो, आपल्यांपैकीं अनेकांचे वडील नगर जिल्ह्यांतील खेड्यांतून पोटासाठीं या भोसरींत आले. यंत्रानेंच आपणांस भाकरी दिली. तें टाकून द्या असें आम्ही कोणत्या तोंडानें सांगावें? आमची विनंति लहान आहे. रोझरीच्या वेळीं मोबाईल दुसऱ्या खोलींत असावा. आणि कोणतीही गोष्ट ठरवितांना, जो हजर नाहीं त्याला आधीं विचारावें. वेदीपाशीं अर्पण ठेवण्यापूर्वीं भावाशीं समेट कर, ही तर आपल्या प्रभूचीच आज्ञा आहे.

आम्हीं दुसऱ्या पाळीच्या त्या बांधवांच्या घरीं जाऊन क्षमा मागितली आहे. दोन कुटुंबें आज येथें बसलीं आहेत. बाकीच्यांची वाट पाहत आहों. प्रभु येशू आपणां सर्वांस एकत्र राखो.